आयुष्यभर एकच मासा गरवायचा असेल तर कोणता?

खडपावरचा
मंडळी, आमच्या ऑफिसचं एक गिऱ्हाईक अमेरिकेतलं आहे, कोलोराडोचं. परवा मीटिंगला सगळे जमेपर्यंत तिकडचा माणूस गप्पा मारत होता. म्हणाला, आमच्याकडे शिकारी जमले की एक प्रश्न हमखास निघतो : उरलेल्या जन्मात एकाच प्राण्याची शिकार करायची मुभा असेल, तर कोणता निवडशील? त्याचं उत्तर एल्क. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. मग मला विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, पण गरी आहे. तर म्हणाला, मग मासा सांग. आणि मी जो अडकलो, तो अख्खी मीटिंग अडकलेलाच होतो.

तर इथे विचारतो. खायचा मासा विचारत नाहीये, कारण तो धागा दरवर्षी श्रावण संपला की निघतो आणि पापलेट विरुद्ध सुरमईवर येऊन भांडणात मरतो. पकडायचा मासा. गरीने, पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने), आकडीने, हाताने, कसाही. बाकीचे बाजारातून आणून खुशाल खा, पण तुमच्या हाताला पुन्हा लागणार नाहीत. हद्द डहाणू ते तेरेखोल.

माझं उत्तर तांबोशी. आमच्या घरामागे खडप आहे, म्हणजे खडकाळ किनारा. भरतीचं पाणी कपारीत शिरायला लागलं की ती दगडातून बाहेर येते. गरी गिळली की एका दमात परत कपारीकडे पळते. तिथे पोचली की संपलं, कालवांच्या धारेवर तंगूस, म्हणजे गरीची दोरी, घासून तुटते. म्हणजे तुमच्याकडे मोजून दोन-तीन सेकंद. त्यात तुम्ही विडी पेटवत असाल तर तुमचं नशीब. बाबांनी शिकवलं होतं की दोरी बोटावर ठेवायची, दगडावर नाही. चाळीशी उलटली तरी त्या पहिल्या हिसक्याला पोटात तसाच गोळा येतो.

बंदरावरची_मांजर
पकडायचा पण खायचा नाही? हा धागा एखाद्या देशावरच्या माणसाने काढलाय का?

खडपावरचा
खा गं बाई. फक्त निवडताना चवीला मधे आणू नकोस एवढंच.

भाटीतलो
चोणक. हेच्यात इचारूचा काय आसा? रातचो पुलाखाली दिव्याच्या उजेडात उभो रवान बघ एकदा. पाण्यावर कोळंबी फिरता, आणि खालसून 'टप्प' करून आवाज येता. तोच चोणक. तो चावणा नाय, पाण्यावांगडा ओढून घेता. तीस वर्सां झाली, पण तो आवाज आयकलो की अजून माझे हात कापतत. गरी लागली की पाण्याभायर उडी मारून अशी मान झाडता की धा वेळातसून सात वेळा गरी फेकून दिता. कल्ल्याची कड पात्यासारखी. सोडून गेलेले चोणक मोजूक बसलंय तर पकडलेल्यांच्या तिप्पट होतीत. म्हणानच चोणक.

खारपाटी_पेण
जिताडा. दुसरं नाव घेतलं तर घरात घेणार नाहीत. आमच्याकडे शेताच्या तळ्यात पिल्लं सोडतात आणि दोन-तीन वर्षं घरच्या पोरासारखं वाढवतात. पण तळ्यातला काढणं ही काही शिकार नाही, ते कपाटातून पैसे काढण्यासारखं आहे. मी म्हणतो तो खाडीतला, खारफुटीच्या मुळांत बसलेला. @भाटीतलो, तुमच्या चोणकाचं माहीत नाही, पण आमच्या जिताड्यापुढे सगळे झूट.

भाटीतलो
अरे देवा. कोणीतरी ह्येका सांगा रे.

गाबीत_मास्तर
@खारपाटी_पेण, दादा, चोणक म्हणजेच जिताडा. मासा एकच, तालुका बदलला की नाव बदलतं. तुम्ही दोघं एकाच पक्षाचे उमेदवार आहात, तेव्हा दोन मतं धरायला हरकत नाही.

जाता जाता सांगतो. हा मासा सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे फोटोत खांद्यावर टाकून 'दहा किलोचा बाप काढला' असं जे आपण लिहितो, ती बहुतेक वेळा आजी असते. पावसात अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरते, पिल्लं भरतीबरोबर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत शिरतात. खाजणं बुजवली की जिताडा गेला.

खारपाटी_पेण
एवढी वर्षं आजी खाल्ली म्हणायची.

केंडनशीब
मला निवडायची गरजच नाही, समुद्राने आधीच निवडून ठेवलंय. केंड. पेठकिल्ल्याला टाका, जयगडला टाका, हर्णैला टाका, माझ्या गरीला केंडच. वर काढला की फुगून चेंडू होतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू मीच त्याच्या घरात घुसलोय. चार दातांनी गरीसकट दोरी तोडतो. खायची सोय नाही, विषारी. मांजरसुद्धा वास घेऊन लांब होते. गेल्या सीझनला सतरा गऱ्या गेल्या. धाग्याच्या नियमात मी चपखल बसतो, कारण चवीचा प्रश्नच नाही.

बंदरावरची_मांजर
मांजरांना मधे आणायचं काम नाही.

वाटीभर_तिसऱ्या
सगळे पुरुष दोरी आणि हिसका घेऊन बसलेत म्हणून लिहिते. माझी आजी आयुष्यात कधी होडीत बसली नाही, पण आमच्या वाडीत तिच्याइतकी शिकार कोणी केली नसेल. ओहोटी लागली की लुगडं वर खोचून खाडीत. तिसऱ्या पायाने शोधायची. टाच चिखलात फिरवत चालायची आणि मधेच थांबून वाकायची, हात वर आला की मुठीत तिसऱ्या. मी विचारायचे, तुला दिसतं कसं? म्हणायची, पायाला डोळे फुटतात गं, थोडी वर्षं जाऊ देत.

कालवांचं तर वेगळंच. उधाणाच्या ओहोटीला जे खडक उघडे पडतात ते महिन्यातून चारच दिवस. त्या दिवसांत घरात लग्न असलं तरी ती खाडीत. दगडाला चिकटलेलं कालव एका ठोक्यात उघडायचं, आतला जीव फाटू न देता काढायचा. तीन तास वाकून वाटीभर होतात. माझी दोन्ही बोटं कापलेली आहेत आणि वाटी अजून भरलेली नाही.

तर माझं उत्तर कालव. पळत नाही, हिसका देत नाही, पण लवकर हातालाही येत नाही.

खडपावरचा
@वाटीभर_तिसऱ्या, ही वाट मला सुचलीच नव्हती. नियमात बसतं, हाताने म्हटलंय मी.

वरणभात_तूप
शाकाहारी माणसाला प्रवेश आहे का? आमच्या घरात मासा सोडा, त्याचं चित्र असलेली पिशवीसुद्धा दाराबाहेर राहते. पण शिकार मी करतो. अळंबीची. पाऊस झाला, मग दोन दिवस ऊन पडलं आणि हवा कोंदली की पहाटे निघायचं. वारुळाच्या आसपास येतात आणि वर्षानुवर्षं त्याच जागी. काकांनी आपली जागा मरेपर्यंत सख्ख्या भावाला सांगितली नाही. मला सांगितली तीसुद्धा 'फणसाच्या पलीकडे', आणि आमच्या आवारात फणस अकरा.

गाबीत_मास्तर
त्या अळंबीची लागवड करता येत नाही, कारण तिचं बूड वाळवीच्या घरात असतं. वाळवीच तिची शेती करते. तेव्हा ही अस्सल रानातली शिकार, घ्या ह्यांना आत.

सातासमुद्रापार_राजापूर
मी विस्कॉन्सिनला असतो. खडपावरच्याचा तो गिऱ्हाईक खरं सांगतोय, इकडे हा प्रश्न आपल्याकडच्या 'कुठला आंबा' इतका साधा आहे. डोंगराळ राज्यांतले एल्क म्हणतात, आमच्याकडचे मात्र डोळे मिटून व्हाइटटेल. पांढऱ्या शेपटीचं हरीण, आपल्या चितळाच्या आसपासचं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा सीझन असतो. आमचं ऑफिस त्या आठवड्यात रिकामं. परवाना काढायचा, अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायचं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटू नये. मारलं की नोंद करायची.

मी एकदा सहकाऱ्याबरोबर मचाणावर बसलो. बंदूक त्याची, मी नुसता थर्मास धरायला. उणे आठ तापमानात चार तास. हरीण आलं नाही. खाली उतरताना तो म्हणाला, छान दिवस गेला. तेव्हा मला आमच्या मुसाकाजीच्या जेटीवर रात्रभर बसून रिकाम्या पिशवीने घरी येणारे दादा आठवले. तेही हेच म्हणायचे, फक्त आई ऐकून घ्यायची नाही.

त्याला विचारलं, व्हाइटटेलच का? म्हणाला, कारण ते घरामागच्या रानात आहे. एल्कसाठी गाडी हाकत पश्चिमेला जावं लागतं. माझं मत मुडदुशी. घरासमोरच्या पुळणीत मिळते म्हणून.

ठासणीचा_नातू
मासा नाही, पण लिहितो. आमचे आजोबा सावंतवाडीकडचे, घरी ठासणीची बंदूक. कायद्याआधी गावकीची पारध निघायची. ढोल वाजवत रान उठवायचं, बंदूकवाले वाटेवर. डुक्कर पडलं की घरटी वाटा, ज्याची गोळी लागली त्याला थोडा जास्त. कायदा आला आणि बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यापुरती उरली. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची. आजोबा जमा करायच्या आदल्या रात्री तिला खोबरेल लावून पुसत बसायचे. आयुष्याची शेवटची वीस वर्षं तिच्यातून फक्त केळीवरच्या माकडांना पळवायला हवेत बार निघाला.

त्यांना मी लहानपणी जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. मला वाटलं, डुक्कर म्हणतील, कारण पायावर सुळ्याची खूण होती आणि ती ते पाहुण्यांना दाखवायचे. तर म्हणाले, पिसोरी, म्हणजे ते इवलंसं उंदीर-हरीण. म्हटलं ते एवढंसं? सशाहून जरा मोठं, शिंगंही नसतात. म्हणाले, एकदाच मारली, बत्तीच्या उजेडात काय आहे ते कळलं नाही म्हणून. परत दिसली तर नुसती बघायची आहे. नंतर दिसली की नाही ते मला माहीत नाही.

खडपावरचा
@ठासणीचा_नातू, मासा नसला तरी राहू दे.

नियमावली_वाचा
भावना समजतात, पण कोणी तरुण मुलं वाचत असतील म्हणून सांगतो. पिसोरी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रानडुकराने शेताची नासाडी केली तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. फासकी आणि गावठी बॉम्ब लावणारे आहेत, त्यात गावातलीच गुरं जातात.

माशांकडे येतो. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, त्याची मर्यादा 135 मिलिमीटर. गरीवाले आपण किरकोळ माणसं, पण बोटभर पिल्लू लागलं तर परत टाकायला कायदा कशाला हवा?

बंदरावरची_मांजर
पापलेट राज्यमासा झाला आणि त्या दिवसापासून आमच्या बाजारात त्याने आमच्याशी बोलणं टाकलंय. भाव विचारला की कोळीण नुसती हसते.

पॉपर_आणि_रीळ
चोणक, जिताडा काय म्हणायचं ते म्हणा, पण पकडा आणि सोडा. मी कृत्रिम आमिषावर पकडतो, गरीची नांगी चेपून ठेवतो म्हणजे काढताना जखम कमी होते. फोटो काढतो, पाण्यात धरून ठेवतो, ताकद आली की स्वतःच जातो. मास्तर म्हणाले ती आजी सोडलीच पाहिजे, तिच्यावर पुढची सगळी पिलावळ उभी आहे.

भाटीतलो
सोडूचा होता तर धरलंस कशाक? खेळ तुझो, जीव तेचो. माझी आवस म्हणता, खाऊचा नाय त्येका दुखवू नये. मी खातंय, म्हणान माझा मन साफ आसा.

पॉपर_आणि_रीळ
आणि माझी सोडलेली मासळी तुम्ही दुसऱ्या दिवशी खाता, म्हणून तुमचं पोटही साफ असतं.

भाटीतलो
ह्या मातर खरा.

पहिला_पाऊस
चढणीचे मासे. मृगाचा पहिला मोठा पाऊस, व्हाळ भरून वाहायला लागले, मासे पाण्याच्या उलट शेतात चढतात. आम्ही पोरं टॉवेल, टोपली, छत्री, हाताला येईल ते घेऊन. भिजलेल्या मातीचा आणि माशांचा एकत्र वास. ह्याच्यापुढे तुमचं रीळ काय करणार?

नियमावली_वाचा
ते अंडी घालायलाच चढतात हो. चढणीचा मासा म्हणजे पोटुशी मासा. एका मृगात टोपली भरली की पुढच्या मृगात व्हाळ रिकामा. आमच्या गावात आता चढणीला बेडूकच येतात.

पहिला_पाऊस
लहानपणी कळत नव्हतं. आता मुलाला घेऊन बांधावर उभा राहतो आणि दाखवतो. तरी हात शिवशिवतातच, खोटं कशाला बोलू.

कोंडावरचा
मग माझं उत्तर तुम्हाला आवडेल. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे. डोहात खडस, हातभर लांबीचे. देवीचे मासे म्हणून कोणी गरी टाकत नाही. लोक चुरमुरे टाकतात, पाणी उकळल्यासारखं होतं. माझे वडील पट्टीचे गरवणारे, पण तिथे गेले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. दोन्ही हात! म्हणायचे, सवय वाईट असते.

केंडनशीब
तिथेही मला केंडच दिसेल.

शिंगाळ्याचा_डंख
कोणीच शिंगाळा म्हणालं नाही म्हणून माझी नोंद. त्याच्या काट्याने माझा अंगठा असा सुजला होता की दोन दिवस मोबाइल उघडेना, अंगठ्याचा ठसाच जुळेना. एका म्हाताऱ्याने हात सोसेल तितक्या गरम पाण्यात धरायला लावला, तेव्हा उतार पडला. पुढे डॉक्टरांनीही सांगितलं की ते विष उष्णतेने मोडतं. पण त्याचा नर महिनाभर अंडी तोंडात धरून उपाशी फिरतो हे वाचल्यापासून राग गेला. मी त्याला निवडणार नाही, फक्त त्याचा अपमान होऊ नये.

सातासमुद्रापार_राजापूर
विषयांतर करतो. डिसेंबरात येतोय, द्वादशीला घरी पोचतो. भरती किती वाजता धरू? इथे बसून भरतीचं अ‍ॅप बघायची लाज वाटते.

गाबीत_मास्तर
तिथीची पाऊणपट करा. बारा तिथीचे पाऊण म्हणजे नऊ. नऊच्या सुमाराला भरती, सकाळी आणि रात्री दोन्ही. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, कारण भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. मुडदुशीला चढतं पाणी बरं, तेव्हा साडेसहा-सातला पुळणीवर हजर राहा. काडू किंवा सोललेली बारीक कोळंबी लावा, गरी अगदी लहान.

वरणभात_तूप
कॅलेंडरावर तिथी बघून मासे पकडतात हे आमच्या आईला सांगू नका, ती चतुर्थीसाठी तेच कॅलेंडर वापरते.

खडपावरचा
मंडळी, अपडेट. गेल्या शनिवारी गावी गेलो होतो. माझा आतेभाऊ खाडीत पागतो, त्याचं घर त्यावर चालतं. म्हटलं, ह्याला विचारावं. प्रश्न नीट समजावून सांगितला. तो पाग विंचरत होता. म्हणाला, "एकच? मग उरलेले दिवस खाऊ काय?"

मी म्हटलं, अरे गंमत म्हणून. तर त्याने खरंच विचार केला. माझ्यापेक्षा जास्त वेळ. म्हणाला, तांबोशी रोज नाही. जिताडा लागला तर महिन्यातून एकदा, आणि लागला की पाग फाडतो. सुरमईला मोठी होडी आणि डिझेल. मग म्हणाला, "बोय. बाराही महिने खाडीत असते. चिखल चाटते, तक्रार करत नाही. पागाला येते, थोड्या उडी मारून जातात त्या उद्यासाठी."

नंतर मला होडीत घेऊन गेला. भांगाचं पाणी, फारसा जोर नाही. बोय पाण्यावर तोंड काढून सरकतात तेव्हा बाणाच्या टोकासारखी रेघ उमटते. मला ती तीनदा दाखवली तेव्हा चौथ्यांदा दिसली. त्याने पाग फेकला, गोल पडला. मग मला दिला. माझा पाग पडला तो भजीसारखा गोळा होऊन. रेघ बाजूने निघून गेली. अकरा वेळा फेकला, दोन बोय आणि एक प्लास्टिकची चप्पल.

मी अजून तांबोशीच म्हणतो. पण आता पाग फेकायला शिकायचाय.

भाटीतलो
भजीसारखो पडलो म्हणजे शिशाची कडी दातात धरूक इसारलंस. उजव्या कोपरावर अर्धो पाग घे, एक कड दातात, कमरेतसून फीर. दात सोडूक इसरू नको, आमच्या वाडीत एकाचो गेलो.

खडपावरचा
दात की पाग?

भाटीतलो
दोनय.

वाटीभर_तिसऱ्या
@खडपावरचा, चप्पल कुठल्या पायाची होती? माझी डावी मागच्या ओहोटीला चिखलात गेली.